कधी हा पाय, कधी तो

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमचा वाघ्या जर्मन शेफर्ड आहे, १३ महिन्यांचा, वजन ३२ किलो. गणपतीच्या सुमारास पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागला. दोन-तीन दिवसांत आपोआप बरा झाला. दिवाळीच्या आधी पुन्हा तेच, पण या वेळी मागचा उजवा पाय. आता परत पुढचा. दवाखान्यात नेलं की पठ्ठ्या सरळ चालतो. पुढच्या पायाचा एक्स-रे काढला, त्यात काही नाही म्हणाले. इंजेक्शन दिलं की दोन दिवस छान, मग येरे माझ्या मागल्या. एकदा सासऱ्यांची गुडघेदुखीची गोळी अर्धी करून दिली. सासूबाईंनी दृष्ट काढली. दुकानदाराच्या सांगण्यावरून कॅल्शियमची पावडर रोज दोन चमचे चालू आहे. खाणं दूध-चपाती, चिकन आणि थोडं पाकिटातलं खाद्य. लंगडतो तेव्हा जेवण निम्म्यावर येतं. श्रावणात गोचिडी खूप झाल्या होत्या, त्या वेचून काढल्या. नक्की झालंय काय? – एक वाचक, फलटण

उत्तर : ताई, पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. गोचिडींचं. त्याच्या शेजारचंही तितकंच कामाचं, की लंगडतो तेव्हा जेवण निम्म्यावर येतं. नुसता पाय मुरगळलेला कुत्रा सहसा जेवण सोडत नाही. पाय बदलतो आणि सोबत भूकही मंदावते, तेव्हा मी पायाच्या आधी रक्ताचा विचार करते.

पण त्याआधी एक खात्री करू. पाय खरंच बदलतोय का? घरच्यांची इथे फार गल्लत होते, कारण कुत्रा ज्या पायावर जोरात आपटतो तोच दुखरा वाटतो. असतं उलट. पुढचा दुखरा पाय जमिनीला लागला की कुत्रा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली जाते. मागचा पाय असेल तर त्या बाजूचा खुबा चालताना जास्त वर-खाली होतो. बैल लंगडला की शेतकरी त्याला आधी चालवून दाखवतो. कुत्र्याचे मालक मात्र कुत्रा उचलून थेट टेबलावर ठेवतात, आणि टेबलावर कोण लंगडणार? शिवाय दवाखान्याच्या दारात कुत्रा घाबरतो, त्या भरात दुखणं दबून जातं. वाघ्या नाटकं करत नाही.

म्हणून मोबाइल काढा. लंगडेल त्या दिवशी, औषधाचा थेंबही पोटात जायच्या आत, सिमेंटच्या किंवा डांबरी रस्त्यावर त्याला पट्टा सैल सोडून चालवा आणि थोडं दुडक्या चालीनं पळवा. दुसऱ्या कुणीतरी समोरून, मागून आणि बाजूनं चित्रीकरण करावं, शक्यतो स्लो मोशनमध्ये. खडीवर नेल्यावर जास्त लंगडला तर पंजा संशयित. झोपून उठल्यावर आखडलेला आणि चार पावलांनी सुटणारा असेल तर सांधा. पळून आल्यावर संध्याकाळी वाढत असेल तर कोपर, खांदा किंवा एखादा ताणलेला स्नायू. हे कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा : कुठला पाय, सकाळी की संध्याकाळी, जेवला का, ताप किती. ताप गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर घालून मोजायचा, टोकाला थोडं खोबरेल लावून. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे ठीक. लंगडण्याच्या दिवशी १०३.५च्या वर दिसला तर त्याच दिवशी रक्त तपासायला न्या.

आता गोचीडताप. तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो. त्यात प्लेटलेट कमी होतात, भूक जाते, ताप चढ-उतार करतो आणि काही कुत्र्यांचे सांधे सुजतात, आज हा तर उद्या तो. गोचिडी वेचून काढल्या म्हणून प्रश्न मिटत नाही, कारण जंतू आत गेल्यावर आजार दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात, आणि पुढे तो महिनोन्‌महिने आत दबा धरून बसू शकतो. जर्मन शेफर्डना हा ताप इतरांपेक्षा जास्त जड जातो. १९६०च्या दशकाच्या शेवटी व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्कराचे या जातीचे कितीतरी कुत्रे यानंच दगावले. घाबरवण्यासाठी सांगत नाही, वेळेत सापडला तर औषध साधं आणि स्वस्त आहे. हिरड्या फिकट दिसतात का, पोटाच्या कातडीवर जांभळे ठिपके आहेत का, नाकातून कधी रक्त आलं का, हे आजच बघा. यातलं एकही दिसलं तर थांबू नका.

डॉक्टरांना सांगून प्लेटलेटसह पूर्ण रक्ततपासणी, रक्ताची काच (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) आणि गोचीडतापाची किट किंवा पीसीआर करून घ्या. एकट्या किटवर विसंबू नका. ताप नवा असेल तर ती कोरी येऊ शकते, आणि जुना, बरा झालेला असेल तरी ती रेघ दाखवते. आणखी एक : ‘आधी डॉक्सीसायक्लिन देऊन बघू’ असं कुणी म्हणालं तर रक्त घेतल्यावर द्या म्हणावं. गोचीडतापावरच्या या अँटिबायोटिक गोळीनं सांध्याची सूजही थोडी उतरते, त्यामुळे बरं वाटलं म्हणजे गोचीडतापच होता असं ठरत नाही. आजार पक्का झाला तर ती साधारण चार आठवडे चालते. दोन दिवसांत वाघ्या उड्या मारायला लागेल आणि उरलेल्या गोळ्या कपाटात राहतील, हे दर वर्षी बघते.

रक्त स्वच्छ आलं तर? मग वाघ्याचं वय आणि जात बोलू लागते. पाच ते अठरा महिन्यांच्या मोठ्या जातीच्या कुत्र्यांमध्ये, त्यातही जर्मन शेफर्ड नरांमध्ये, लांब हाडांच्या आत एक दाह होतो, त्याला पॅनॉस्टायटिस म्हणतात. हाही पाय बदलत फिरतो. यातही कधी ताप येतो, कधी जेवण कमी होतं, त्यामुळे गोचीडतापाशी त्याची सहज गल्लत होते. ओळखायची खूण अशी की सांधा वाकवला तर कुत्रा गप्प, पण हाडाच्या मधल्या भागावर अंगठ्यानं दाबलं की ओरडतो. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, दोन आठवड्यांनी परत काढला तर हाडाच्या पोकळीत ढगाळ पट्टा दिसतो. वय वाढलं की तो आपसूक थांबतो.

‘एक्स-रेत काही नाही’ हे वाक्य म्हणूनच मी अर्धवट धरते. कुठल्या पायाचा, किती बाजूंनी, गुंगी देऊन की तसाच धरून? जागा असलेला, ताठरलेला कुत्रा खुबा नीट पसरू देत नाही. दोन्ही पायांचे, दोन्ही बाजूंनी काढायला हवेत, म्हणजे तुलना होते. आणि कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा बारीक तुकडा, जो या जातीत झिजतो, तो कित्येकदा साध्या एक्स-रेत लपतो आणि सीटी स्कॅनमध्येच सापडतो. तुमच्याकडून शिरवळ लांब नाही. तिथल्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात व्हिडिओ, कालनिर्णयचं पान आणि जुने एक्स-रे घेऊन जा. नुसता कुत्रा घेऊन जाऊ नका.

व्हिडिओत लक्षात आलं की पाय बदलत नाही, एकच आहे, तर गोष्ट वेगळी. तेव्हा खालून वर या. वाघ्या रात्री पेंगत असताना बॅटरी घेऊन बसा आणि एकेक बोट फाकवून बघा. सारखं चाटून केस तांबूस झालेत का? नख बुडाशी चिरलंय का? तुमच्याकडे वेडी बाभूळ आणि कुसळी गवत दोन्ही आहे. कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि पुढेच सरकत राहतं, मागे येत नाही. एक बारीक भोक पडतं, थोडा पू येतो, अँटिबायोटिकनं भरतं, पंधरा दिवसांनी पुन्हा फुटतं. दरम्यान कुत्रा बरा असतो. काटा आणि कुसळ एक्स-रेत दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसू शकतात. पंज्यात काही नसेल तर शिंप्याची टेप घेऊन दोन्ही मांड्या एकाच उंचीवर मोजा. महिनाभर कमी वापरलेला पाय बारीक होतो, तो खोटं बोलत नाही.

सासऱ्यांची गोळी पुन्हा देऊ नका. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं. शी काळी, डांबरासारखी झाली तर तो आतला रक्तस्राव समजा. त्या इंजेक्शनात स्टेरॉइड होतं का, हेही डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळी एकावर एक पडली तर धोका दुप्पट, शिवाय पुढच्या तपासण्याही गढूळ होतात.

कॅल्शियमची पावडर आजपासून बंद. वाढत्या मोठ्या कुत्र्याला वरून दिलेलं कॅल्शियम हाडांची वाढच बिघडवतं. मात्र नुसत्या दूध-चपाती-चिकनवर ठेवणंही बरोबर नाही, कारण मांसात कॅल्शियम नगण्य असतं. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य १८ महिन्यांपर्यंत मुख्य ठेवा आणि चिकन वर चवीपुरतं. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, फक्त मिरच्यांचा धूर त्याच्या नाकाजवळ नको.

प्रश्न : आमची पॉमेरेनियन चालता चालता मागचा एक पाय उचलते, तीन पायांवर चार उड्या मारते आणि परत नीट चालते. दुखतंय असं वाटत नाही. – सोलापूर

उत्तर : गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकते आणि पुन्हा बसते. छोट्या जातींत हे नेहमीचंच. महिन्यातून एखाद्या वेळी होत असेल तर वजन आवरा, सोफ्यावरून उड्या बंद करा आणि लसीच्या वेळी डॉक्टरांना गुडघा तपासायला सांगा. रोज होऊ लागलं किंवा पाय टेकेनाशी झाली तर शस्त्रक्रियेचं विचारा. उशीर केला तर त्याच गुडघ्यातलं लिगामेंट तुटण्याची शक्यता वाढते.