गटात जायला लागल्यापासून आई फक्त पेशंटच झालीय

जळगावला समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या घरांची एक तक्रार आता ओळखीची झाली आहे. कुणाला जन्मभराचा आजार लागतो, डॉक्टर त्याच आजाराच्या रुग्णांच्या आधारगटात जायला सुचवतात, माणूस जायला लागतो आणि काही महिन्यांनी घरचे विचारतात, "गटामुळे आजार डोक्यात जास्तच बसला का?" अशाच एका आई-मुलाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू अमळनेरकडच्या, पन्नाशीच्या. आजार ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए), म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात. पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पट जास्त आढळणारा. काकू गावात मांड्यांसाठी प्रसिद्ध. लग्न असो की आखाजी (अक्षय्य तृतीया), पुरणाचा उंडा हातांवर फिरवत मोठा करायचा आणि तापल्या खापरावर अलगद पसरायचा, हे काम त्यांच्याशिवाय होत नसे. आजाराने नेमकी बोटं आणि मनगटंच धरली. पहिल्या भेटीत त्या अहिराणीत एवढंच बोलल्या, "मना हात गयात, आते मी काय कामनी?"

मायकल बरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये याच आजाराच्या रुग्णांशी बोलून लिहिलं होतं की, असा आजार माणसाने आपल्या आयुष्याची मनाशी लावलेली संगतीच तोडतो. काल काय होतो आणि उद्या काय असू, याचा मेळ लागेनासा होतो. काकूंच्या त्या वाक्यात हे सगळं होतं.

गटाने त्यांना आधी एक फार मोठी गोष्ट दिली: विश्वास. या आजारात सकाळी हात आखडलेले असतात, तास-तास मूठ वळत नाही. दुपारी तोच हात चहाचा कप सहज उचलतो. घरच्यांना हे नाटक वाटतं. सुनेने तसं बोलूनही दाखवलं होतं. गटात मात्र कुणी पुरावा मागितला नाही. त्यामुळे त्या "आम्ही आरएवाल्या" म्हणायला लागल्या, सीआरपीचा, म्हणजे शरीरातली सूज सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी यांवर तासभर बोलायला लागल्या, तर मला त्यात नवल वाटलं नाही.

मुलाला वाटलं. "मॅडम, गोळ्या लागू पडल्यात, सूज उतरलीय. पण आई दुसरं बोलतच नाही. गट बंद करू का?"

मी त्याला विचारलं, "तुम्ही घरात तिला काय काय विचारता?" तो आठवत गेला: गोळी घेतली का, दुखतंय का, डॉक्टरांकडे कधी जायचं. कणीक कशी भिजवायची, पाहुण्यांना काय द्यायचं, हे विचारणं कधीच थांबलं होतं. "तू बस, तू काही करू नको" हे प्रेमानेच म्हटलेलं, पण त्या प्रेमाने तिचं घरातलं कामही काढून घेतलं. पेशंट ती घरातही होतीच. गटात निदान सोबत होती.

पण मुलाची काळजी अगदीच खोटी नव्हती. काकूंना एकट्या भेटले तेव्हा विचारलं, "बरं वाटतंय हे गटात सांगितलंत?" बराच वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या बाकीच्या दुखण्याने रडतात, मी कसं सांगू? मला म्हणतील, आता तू कशाला येतेस?"

माझ्या मते धोक्याची जागा ही. आजाराबद्दल बोलण्यात वावगं काही नाही. दुखणं हाच गटात शिरण्याचा परवाना झाला, की बरं होणं महाग पडतं. गटातल्या कुणाचं ऐकून परस्पर गोळी बंद करणं हाही धोकाच, आणि तिथे मी तडजोड करत नाही.

(नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, तरुणांशी बोलताना प्रश्न उलटा असतो. आजार जन्मापासूनचा, त्यामुळे हरवलेली "आधीची मी" तिथे नसते. गटात दिसलो तर लग्न जमणार नाही, ही भीती असते. म्हणून गटाबद्दल सगळ्यांना लागू पडणारा सल्ला माझ्याकडे नाही.)

काकूंनी पुढच्या बैठकीत भीतभीत सांगितलं. कुणी टोमणा मारला नाही. नुकतंच निदान झालेल्या दोघी मात्र थांबून राहिल्या आणि गोळीने मळमळतं तेव्हा काय केलं, हे विचारत बसल्या. डॉक्टरांना आधी विचारा, मग माझं ऐका, असं काकूंनी त्यांना बजावलं.

घरात मात्र जमायला वेळ लागला. पुतणीला मांडे शिकवा, असं मुलाने सुचवलं तेव्हा त्या चिडल्या. हात न लावता नुसतं सांगणं त्यांना अपमानाचं वाटत होतं. आखाजीला पुतणीचे पहिले मांडे खापरावर फाटले, तेव्हा त्या स्वतःहून उठल्या आणि कणीक घट्ट आहे म्हणून ओरडल्या. गटात त्या अजूनही जातात.

मुलाची आता नवी तक्रार आहे. नव्या रुग्णांचे फोन रात्री दहानंतरही येतात. त्यावर मी काकूंना एवढंच सांगितलं आहे: फोनची वेळ संध्याकाळी पाच ते सहा, आणि दुखणं वाढलेल्या दिवशी तीही बंद.