आधी रेघ की बाण ते ठरव

आलेख-सिद्धान्ताचं (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं गणित) जाडजूड पुस्तक पहिल्याच दिवशी उघडू नकोस. कागद घे, सोसायटीतली दहा माणसं ठिपके म्हणून मांड आणि कोण कोणाला ओळखतं त्या रेघा ओढ. ओळख बहुधा दोन्हीकडून असते. वेबपानांचं तसं नाही. मी तुझ्या पानाचा दुवा दिला म्हणून तू माझा देशीलच असं कुठे आहे? तिथे रेघ नाही, बाण काढावा लागतो. नवखे इथेच घसरतात (मीही घसरलो, आठवडाभराची आकडेमोड पाण्यात). गूगलचं पेजरँक, म्हणजे वेबपानांचं महत्त्व मोजायची रीत, या बाणांवरच उभं राहिलं: किती पानं बोट दाखवतात एवढंच नाही, तर बोट दाखवणारं पान स्वतः किती वजनदार आणि ते आणखी कितीजणांकडे बोट दाखवतं, हेही धरायचं.

‘सहा पायऱ्यांत सगळं जग’, म्हणजे ओळखीच्या ओळखीने सहा टप्प्यांत कोणापर्यंतही पोचता येतं, हे मात्र जपून बोल. ट्रॅव्हर्स आणि मिलग्रॅम या संशोधकांच्या १९६९च्या निबंधातल्या प्रयोगात २९६ जणांना पाकिटं दिली होती, ओळखीतल्या माणसांच्या हातून बोस्टनच्या एका शेअर दलालाकडे पोचवायला. त्याच्यापर्यंत ६४च पोचली. सरासरी मध्यस्थ ५.२, पण तेही पोचलेल्या पाकिटांचेच.

आणि हो, तुझ्या दहांत एखादा ठिपका एकटा पडला तर खोडू नकोस.