गोव्याच्या ट्रायथलॉनपूर्वी येणारे प्रश्न

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 साली सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन 70.3’ स्पर्धेत 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे सलग पार पाडायचे असते. स्पर्धा जवळ आली की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात, म्हणून प्रशिक्षक या नात्याने त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : स्पर्धेआधीच्या प्रदर्शनात बूट सवलतीत मिळतात. घ्यावेत का?

जरूर घ्यावेत आणि स्पर्धा संपल्यावर घालावेत.

प्रश्न : वेटसूट (पोहताना घालायचा रबरी पोशाख) भाड्याने घेऊ का?

नको. तेथील कोमट पाण्यात वेटसूटने अंग तापते.

प्रश्न : तापामुळे दहा दिवसांचा सराव बुडाला. तीन आठवडे उरले आहेत. तो कसा भरून काढू?

भरून काढू नका. शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणायचे आणि थोडे वेगाचे काम चालू ठेवायचे असते. या काळात जादा किलोमीटर केल्याने ताकद वाढत नाही, थकवा तेवढा साचतो. ताप कशाचा होता, हे तुम्ही कळवलेले नाही. विषाणूजन्य तापानंतर कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, त्यामुळे डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय धाप लागेल असा कोणताही सराव करू नये.

प्रश्न (नाशिक, वय 46) : मी 25 मीटरच्या तलावात दोन किलोमीटर आरामात पोहतो, पण समुद्रात कधी उतरलेलो नाही. मित्र म्हणतात, खाऱ्या पाण्यात माणूस आपोआप तरंगतो; आदल्या दिवशी एकदा उतरलास की पुरे. हे खरे आहे का?

खारे पाणी तरंगायला मदत करते, एवढेच खरे आहे. अडचण तरंगण्याची नसून श्वासाची आहे. तलावात दोन किलोमीटर पोहताना तुम्ही 79 वेळा भिंतीला पाय लावून पुढे सरकता आणि प्रत्येक वेळी नकळत क्षणभर विसावता. समुद्रात भिंत नाही आणि तळाला रेघही नाही. दर काही हातांनंतर डोके वर काढून बॉय, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता गोळा, शोधावा लागतो, शेजाऱ्याचा हात खांद्यावर बसतो, लाट नेमकी श्वास घेतानाच तोंडावर येते, आणि पहिल्या दोनशे मीटरांत नाडी अशी उसळते की श्वास पुरता बाहेर सोडण्याचे भान राहत नाही. तलावात उत्तम वेळ देणारे जलतरणपटूही अशा वेळी छाती आवळल्याची तक्रार करतात.

ही भीती मी उगाच घालत नाही. अमेरिकेतील ट्रायथलॉनमध्ये 1985 ते 2016 या काळात झालेले मृत्यू आणि अचानक हृदय बंद पडण्याच्या घटना मिळून 135 प्रसंग अभ्यासले गेले, त्यांतील 90 पोहताना घडले होते. त्यांत पुरुष फार मोठ्या संख्येने होते आणि सरासरी वय सुमारे 47 होते. शवविच्छेदन झालेल्या अनेकांच्या हृदयात आधीपासूनचा दोष आढळला. तुमचे वय पाहता हृदयरोगतज्ज्ञांना भेटा, घरातील हृदयविकाराचा इतिहास सांगा आणि ईसीजी, स्ट्रेस टेस्ट वगैरे काय करायचे ते त्यांना ठरवू द्या. जाहिरातीतील ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये रक्ताच्या अहवालांची चळत मिळते; श्रम करताना हृदय कसे वागते, हे त्यातून कळत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ही स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि तिच्या आधीचे चार महिने पावसाळ्याचे असतात, ज्या काळात कोकण-गोव्याच्या समुद्रात पोहणे धोक्याचे आहे. म्हणजे समुद्राचा सराव मेअखेर उरकायला हवा. नोंदणी महिनोन्‌महिने आधी करणाऱ्यांना समुद्र मात्र सप्टेंबरात आठवतो, याचे मला दरवर्षी नवल वाटते. आता पाणी निवळल्यावर जाणकार प्रशिक्षकासोबत, जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, कमरेला तरंगता बॉय बांधून निदान काही वेळा पोहा. एकट्याने कधीही उतरू नका, आणि धरणाचा पर्याय तर मनातून काढून टाका. पंधरा दिवस आधीपर्यंत हे जमले नाही, तर रिलेत, म्हणजे तिन्ही टप्पे वाटून घेणाऱ्या संघात, नाव घालून सायकल किंवा धावणे घेता येईल का, ते आयोजकांना विचारा. कट-ऑफची, म्हणजे ठरलेल्या वेळेत टप्पा पुरा करण्याची, चिंता त्यानंतरची.

प्रश्न : दुकानदाराने मिठाच्या गोळ्या आणि जेलचा (ऊर्जेसाठी खायच्या गोड, घट्ट द्रवाचा) मोठा संच दिला असून ‘पाणी जितके जास्त, तितके चांगले’ असे सांगितले आहे. हे योग्य आहे का?

दुकानदाराला संच विकायचा आहे. घामापेक्षा जास्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घसरते, उलट्या होतात, भ्रम होतो आणि प्रसंगी जीवावर बेतते. गोळ्या खाऊनही हा धोका टळत नाही. लांब सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. वजन वाढले असेल, तर पाणी जास्त झाले. ताशी सुमारे 60 ग्रॅम कर्बोदके पुरवायची असतात; ती जेलमधून घ्या की केळी आणि साखर-मिठाच्या पाण्यातून, पोटाला सरावात सवय झालेली असली म्हणजे झाले. रक्तदाबाची गोळी चालू असल्यास मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

प्रश्न : गुडघा दुखतो. स्पर्धेच्या सकाळी आयबुप्रोफेन घेतले तर चालेल का? तपासणीची वेळ स्पर्धेनंतरची मिळाली आहे.

स्वतःच्या मनाने घेऊ नका. उन्हात, घाम गाळत तासन्‌तास श्रम करताना अशा वेदनाशामकाने मूत्रपिंडावर ताण पडतो, शिवाय दुखणे झाकले गेल्याने गुडघ्याची इजा वाढते ती वेगळीच. तपासणीची ती वेळ बदलून याच आठवड्यातली घ्या.