टोपणनाव कुठवर झाकतं?

प्रेमकथा आणि शृंगारकथा लिहिणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून पत्रं आली. बहुतेकांनी नाव छापू नका म्हणून बजावलं आहे, त्यामुळे खाली फक्त गावं दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी सरकारी शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षं एका कथांच्या ॲपवर टोपणनावाने लिहिते. प्रसंग धीट असतात. तरी शाळेतल्या एका बाईंनी मला ओळखलं. चूक कुठे झाली असेल?
— म्हापसा

बहुधा फोन नंबरात. खातं नेहमीच्या नंबरावर उघडलं आणि ॲपला संपर्कयादी बघायची परवानगी दिली, की ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे त्यांना ‘तुमच्या ओळखीचे लेखक’ म्हणून तुमचं पान दिसू शकतं. लेखनासाठी वेगळा ईमेल आणि जमल्यास वेगळं सिम ठेवा. संपर्कयादीची परवानगी आजच काढा. दुसरी जागा म्हणजे वर्डची फाईल. तिच्या माहितीत संगणकाच्या मालकाचं नाव आपोआप बसतं. संपादकाला फाईल पाठवण्याआधी ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’मध्ये जाऊन ते पुसा. तिसरी जागा तुमचा स्वतःचा मजकूर. शाळेतल्या पालकसभेचा प्रसंग तपशिलासकट कथेत उतरला असेल, तर त्या सभेला हजर असलेला कोणीही तुम्हाला ओळखेल. व्यवसाय, गाव आणि घरातली माणसं या तिन्ही गोष्टी एकाच कथेत खऱ्या ठेवू नका.

आता नोकरीचं. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. त्यातला नियम १५ प्रासंगिक साहित्यिक कामाला आगाऊ परवानगीशिवाय मुभा देतो, मात्र नोकरीचं काम अडता कामा नये. ‘प्रासंगिक’ म्हणजे अधूनमधून, हा शब्द नीट वाचा. वर्षाला चार कथा त्यात सहज बसतात. रोज एक भाग आणि दरमहा मानधन, हे बसवणं कठीण. तुम्ही रोज लिहीत असाल तर ‘साहित्यिक लेखन’ एवढंच लिहून परवानगी मागा. अर्जात विचारलेलं नसेल तर कुठल्या प्रकारचं ते सांगायची गरज नाही. पण विचारलंच तर खोटं सांगू नका.

प्रणयाचा प्रसंग आला की माझी भाषा बिघडते. एकदा संस्कृत होते, एकदा डॉक्टरी, आणि सरळ लिहावं तर शिवी वाटते. मराठीत हे लिहिताच येत नाही का?
— वाळपई

येतं, आणि फार पूर्वीपासून येत आलं आहे. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीतल्या बायका ज्या महाराष्ट्री प्राकृतात बोलतात, तीच आपल्या मराठीची आजी. रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्यांतही तेच. त्यांना अवयवांची यादी करावी लागली नाही.

तुमची अडचण नामांची आहे. शरीराच्या झाकलेल्या भागांना मराठीत रोजच्या वापरातला, साधा, मायेचा शब्द जवळजवळ नाही. जे आहेत ते पोथीतले, दवाखान्यातले नाहीतर भांडणातले. म्हणून त्या नामांवर वाक्य उभं केलं की ते कोसळतं. वाक्य क्रियापदावर उभं करा, आणि ज्या अवयवांची नावं आपण दिवसभर घेतो त्यांनाच कामाला लावा: मनगट, पोटरी, टाच, मानेची मागची बाजू, कानाची पाळी, पाठीचा कणा, घोटा.

एका पत्रासोबत आलेलं वाक्य लेखिकेच्या परवानगीने देतो: ‘त्याच्या स्पर्शाने तिच्या सर्वांगातून विद्युल्लता सळसळली.’ प्रसंग रायबंदर-चोडण फेरीबोटीवरचा, पावसातला. यात वीज आहे, फेरी नाही, पाऊस नाही, माणसंही नाहीत. तेच असं लिहून बघा:

‘तिच्या छत्रीचं पाणी त्याच्या मनगटावर ठिबकत होतं. त्याने हात मागे घेतला नाही. पलीकडचा धक्का येईपर्यंत तिनेही छत्री हलवली नाही.’

इथे स्पर्श झालेलाच नाही. पण दोघांनीही काहीतरी ठरवलं, आणि ते वाचकाने पाहिलं.

बंद खोलीतल्या प्रसंगालाही हाच नियम. कपड्यांचा हिशेब चोख ठेवा. साडी असेल तर खांद्यावरची पिन आधी निघते. ती कोणी काढली, कुठे ठेवली? पिन काढताना त्याला दोनदा जमत नाही, मग ती स्वतः काढते आणि खिडकीच्या फळीवर ठेवते, एवढ्या हालचालीत संमती, घाई, ओळख सगळं येतं. भिजलेला सुती कपडा अंगाला चिकटतो, झर्रकन निघत नाही. दोन्ही हात तिच्या केसांत असलेल्या माणसाने तिसऱ्या हाताने दिवा मालवलेला आम्ही छापायला आलेल्या कथांत अनेकदा पाहतो. मसुदा झाला की एकदा फक्त हातांसाठी वाचा.

मराठीकडे इतरांना हेवा वाटावा असं एक हत्यार आहे, ते म्हणजे ‘अहो’ आणि ‘अरे’. चारचौघांत ‘अहो’ म्हणणारी बायको अंधारात ‘ए’ म्हणते, त्या एका अक्षरावर पानभर वर्णन वाचतं. पण ते पूर्ण कथेत एकदाच, फार तर दोनदा येऊ दे. दर प्रसंगात वापरलं तर बोथट होतं.

दोन बायकांची किंवा दोन पुरुषांची प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी सर्वनामांचा गुंता आधी सोडवावा. ‘सुधाने मालतीचा हात धरला. तिने तो सोडवला नाही.’ यातली ‘तिने’ कोण? सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे त्याचीही मदत होत नाही. सोपा उपाय असा की एकीला ‘मी’ करा. मग ‘मी’ आणि ‘ती’ कधीच एकमेकींत मिसळत नाहीत.

लग्न गोव्यातच झालं. वेगळा करार केलेला नाही. माझ्या कथांची रॉयल्टी आता वर्षाला लाखाच्या वर गेली. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. विवरणपत्र माझं मी भरलं तर चालेल ना?
— फोंडा

नाही चालणार. हे गोव्याबाहेरच्या मार्गदर्शकांत सापडत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतली सामाईक मालमत्तेची पद्धत चालते. लग्नाआधी नोंदणीकृत करार करून दुसरी पद्धत निवडली नसेल, तर तुम्हाला तीच लागू. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ५अ सांगतं की अशा जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं अर्धं वाटलं जातं. रॉयल्टी पगार नव्हे. समजा वर्षाला १,२०,००० रुपये आले आणि मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, इंटरनेट यांवर पावतीसह २०,००० खर्च झाले. उरलेल्या १,००,००० पैकी ५०,००० तुमच्या विवरणपत्रात आणि ५०,००० नवऱ्याच्या. प्रकाशकाने कर कापला असेल तर तोही तसाच वाटून दाखवायचा. त्यासाठी ‘शेड्यूल ५अ’ असतं, आणि त्यात जोडीदाराचं नाव नि पॅन लिहावाच लागतो. हे शेड्यूल लागणाऱ्यांना सोपा आयटीआर-१ चालत नाही. नियमित लेखनव्यवसाय असेल तर आयटीआर-३.

सगळं स्वतःच्या नावावर दाखवलं तर नवऱ्याचं उत्पन्न कमी दाखवल्यासारखं होतं, आणि नोटीस येईल ती त्यांच्या नावावर. नवऱ्याला ते नोटिशीतून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. काय लिहिता ते नंतर सांगितलंत तरी चालेल. लिहिता आणि त्याचे पैसे येतात, एवढं मार्च उलटायच्या आत सांगा.

कलम ८०क्यूक्यूबी लेखकांना रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट देतं, पण ती जुन्या करपद्धतीतच मिळते आणि पुस्तकासाठी. मासिकातल्या कथेच्या मानधनाला ती नाही. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आला आहे, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. सनदी लेखापालाकडे जाताना हे उत्तर सोबत न्या.

शृंगार लिहिल्याबद्दल पोलीस पकडू शकतात का? नेमकी रेघ कुठे?
— मडगाव, डिचोली

छापील मजकुराला भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे: पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड. ऑनलाइन मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायदा जास्त कडक आहे. कलम ६७मध्ये ३ वर्षं आणि ५ लाख, उघड लैंगिक कृतीच्या मजकुराला ६७अमध्ये ५ वर्षं आणि १० लाखांपर्यंत. साहित्य, कला, शास्त्र यांच्या हितासाठी असलेल्या मजकुराला दोन्हीकडे अपवाद आहे. तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो.

मराठीने ही लढाई आधी लढली आहे. लैंगिक विषयांवरच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाबद्दल र. धों. कर्व्यांवर खटले झाले. १९३४मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९मध्ये ते निर्दोष सुटले. २०१४मध्ये अवीक सरकार खटल्यात न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी सोडली. मजकूर आजच्या समाजाच्या नजरेने आणि पूर्ण संदर्भात बघायचा, असं ठरलं. म्हणजे प्रसंग कथेचा भाग असला पाहिजे. कथा काढून घेतली तरी प्रसंग जसाच्या तसा उभा राहत असेल, तर तिथे तुमचा बचावही दुबळा आहे आणि लेखनही.

एका रेघेला अपवाद शोधू नका. पात्रं १८ वर्षांवरची हवीत, शंकेला जागा नसावी. कलम ६७ब मुलांबद्दलच्या लिखित मजकुरालाही लागू होतं. ‘शाळेत असताना एकदा’ अशी आठवण शृंगारकथेत नको म्हणजे नको. आणि ओळखीच्या खऱ्या माणसावर प्रसंग बेतू नका. टोपणनाव तुमचं आहे, त्याचं नाही.

ॲपवर पूर्ण झालेली मालिका किंडलवर पुस्तक म्हणून टाकायची आहे. शिवाय एक ऑडिओवाले ‘सर्व हक्क’ मागतात. सही करू का?
— काणकोण

किंडलवर मराठी ई-पुस्तक चालतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर ‘सिलेक्ट’ योजना घ्यावी लागते, नाहीतर ३५ टक्के. ‘सिलेक्ट’मध्ये ९० दिवस तो डिजिटल मजकूर दुसरीकडे कुठेही नसला पाहिजे. बहुतेकजण इथेच अडकतात: ॲपवरचे जुने भाग तसेच राहतात आणि पुस्तक काढून टाकलं जातं. आधी भाग उतरवा, ॲपशी करार असेल तर लेखी मोकळीक घ्या, मग चढवा. खात्यात आणि करफॉर्मवर खरं नाव, पॅन, बँक; मुखपृष्ठावर टोपणनाव. जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधली फाईल थेट चढवू नका, अगम्य अक्षरं दिसतील. युनिकोडमध्ये बदला आणि मग ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ ही अक्षरं शोधून एकेक तपासा. रूपांतरात तीच फुटतात.

‘सर्व हक्क’ हे दोन शब्द खोडा आणि तिथे लिहा: फक्त ऑडिओ, फक्त मराठी, इतकी वर्षं, इतके टक्के. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच होतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे गप्प असलेला करार तुमच्या बाजूचा आहे. ‘कायमचे, जगभर’ असं लिहिलेला नाही. खरं नाव जाहीर न करता छापलेल्या पुस्तकाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं राहतो, नाव जाहीर केलं तर तुमच्या हयातीनंतर ६० वर्षं. वारसांसाठी मूळ मसुदे आणि करार एका बंद पाकिटात, खऱ्या नावाने ठेवा.

रोज हजार शब्दांचा भाग द्यावा लागतो. तिसाव्या भागानंतर सगळे प्रणयप्रसंग सारखे वाटतात.
— पेडणे

वहीत प्रत्येक प्रसंगासाठी चार गोष्टी लिहा: जागा, पुढाकार कोणाचा, मध्ये काय आडवं आलं, आणि नंतर दोघांत काय बदललं. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग लिहू नका, दाराशी थांबा. सलग दोन प्रसंगांत पुढाकार एकाचाच असेल तर दुसरा उलटा करा. आठवड्याला आठ भाग लिहा, सात द्या. चवथीच्या दिवसांत माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट) बांधायची असते, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, असला प्रसंग लिहायला कोपरा मिळत नाही. तोवर साठलेले आठ-दहा भाग तेव्हा उपयोगी पडतात.