रिंगवर साधी फॅमिली गाडी न्यायला लाज कसली, उजवा इंडिकेटर द्यायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की इंग्लंडहून स्वतःच्याच गाडीने, बायको आणि दोन मुलांना घेऊन, रोड ट्रिप करत जर्मनीत न्यूर्बुर्गरिंग या प्रसिद्ध रेसट्रॅकवर गाडी चालवायला जायचंय, गाडी १५० हॉर्सपॉवरची डिझेल एस्टेट, म्हणजे लांब डिकीची फॅमिली गाडी, आहे, तर तयारी काय करायची आणि एवढ्याशा गाडीने तिथे गेलं तर हसं होईल का. तयारीचं कोणीही सांगेल. पण तो ‘हसं होईल का’ वाचून मला क्षणभर वाटलं आमच्या साडूंनीच नाव बदलून प्रश्न टाकलाय की काय, कारण हेच वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक गणपतीला ऐकत आलोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरून येतं. रिंगची ती जुनी लांब लूप, नॉर्डश्लाइफे, २०.८ किलोमीटरची, १९२७ पासून आहे, पण ज्या वेळी ती पब्लिकसाठी उघडी असते त्या वेळी कायद्याने तो टोल भरून जायचा एकेरी रस्ता असतो. रेस ट्रॅक नाही. जर्मनीतले रस्त्याचे नियम तिथे जसेच्या तसे लागू. आपण उजवीकडे राहायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून, शर्यत लावायची नाही, लॅपची वेळ मोजायची नाही, गाडीतून शूटिंग करायचं नाही. तिकीट दाखवलं की फाटक वर जातं आणि तुम्ही आत. आम्ही गेलो तेव्हा सोमवार ते गुरुवार एका लॅपचे ३० युरो आणि शुक्रवार ते रविवार ३५ होते. हेल्मेटची सक्ती नाही, ट्रेनिंग नाही, कोणी विचारत नाही की तुम्हाला गाडी येते का. हेच तर भीतीदायक आहे.

साडूंचा आणि माझा वाद इथूनच सुरू होतो. त्यांचं सोयीप्रमाणे बदलतं. इन्शुरन्सचा विषय निघाला की ‘अहो पब्लिक रोड आहे तो, चालतं सगळं’ आणि मागून कोणी आलं की ‘ट्रॅकवर आलोय, साइड कसली द्यायची’. दोन्हीपैकी काहीतरी एक धरा ना.

तर दोन गाड्या, दोन कुटुंबं. त्यांची ३०० हॉर्सपॉवरची लाल हॅचबॅक, आमची तुमच्यासारखीच डिझेल एस्टेट, वर रूफबॉक्स. फोकस्टनला गाडी समुद्राखालून जाणाऱ्या ट्रेनमध्ये घातली की ३५ मिनिटांत कॅले, मग डंकर्क, गेंट, ब्रसेल्स, लिएज आणि तिथून आयफेलच्या डोंगरांकडे. बेल्जियममध्ये गाड्यांना टोल नाही, रस्ता सरळसोट आणि कंटाळवाणा. मुलं झोपतात. याच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, फक्त ब्रिटिश गाडीला हेडलाइटचे स्टिकर, मागे यूकेचं स्टिकर, ट्रँगल आणि रिफ्लेक्टरचं जॅकेट लागतं. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर इंग्लंडमध्ये कितीही वर्षं राहिलात तरी शेंगेन व्हिसा लागतोच, तुमचे गोरे मित्र ‘परवा जाऊ या’ म्हणतात तसं आपल्याला जमत नाही. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत सुट्ट्या संपतात, म्हणून आधी व्हिसा, मग हॉटेल.

रिंगच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर पहिलं काम म्हणजे गाडी रिकामी करणं, आणि रिकामी म्हणजे पूर्ण रिकामी. रूफबॉक्स हॉटेलवरच ठेवा. मुलांच्या सीट काढा, मॅट काढा, डिकी, दाराचे कप्पे, सगळं. बायकोने ड्रायव्हर सीटखाली हात घालून धाकट्याची स्टीलची पाण्याची बाटली काढली, ती आठवडाभर हरवली म्हणून आम्ही शोधत होतो. चढ-उताराच्या रस्त्यावर ती घरंगळत येऊन ब्रेक पेडलखाली बसली असती तर काय झालं असतं, याचा विचार तुम्हीच करा. दोन्ही घरांचं सामान, धपाट्यांचा डबा, उश्या, सगळं कुंपणाजवळ रचलं आणि दोन्हीकडची मुलं मेव्हणीपाशी ठेवून आधी आम्ही दोघं निघालो.

आता ही गोष्ट नीट वाचा कारण ती कोणी सांगत नाही. ब्रिटिश गाडीत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि रिंगवर सगळे येतात डावीकडून. म्हणजे ज्या आरशाची तुम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे तो तुमच्यापासून सगळ्यात लांब. म्हणून शेजारी माणूस हवा, आणि त्याने समोरचं बघायचं नाही, फक्त आरशात बघायचं. सुरुवातीच्या हात्सेनबाखच्या वळणांपर्यंत बायकोने हँडल धरून ठेवलं होतं, पण त्यानंतर तिला लय सापडली. ‘मागे निळी आहे, लांब आहे अजून. आता मोठी दिसतेय. जवळ आली. दे.’ मी उजवा इंडिकेटर द्यायचा, थोडं उजवीकडे सरकायचं, पाय किंचित सैल. निळी गाडी भुर्रकन जायची आणि बऱ्याचदा पुढे गेल्यावर ड्रायव्हर हात वर करायचा. ‘गेली. थांब, तिच्या मागे अजून एक आहे.’ उजवा इंडिकेटर म्हणजे ‘मी तुला पाहिलंय, तू डावीकडून जा’, ही तिथली बोली आहे, आणि ज्याला ती येते त्याला तिथे मान आहे, गाडी कुठली का असेना.

बेर्गवेर्कच्या अलीकडे, १९७६ मध्ये फॉर्म्युला वन चॅम्पियन निकी लाउडाची फेरारी जिथे पेटली तो भाग ओलांडला की पुढे केसेलशेनचा लांबच लांब चढ लागतो. डिझेल एस्टेटची खरी परीक्षा तिथे. पाय पूर्ण दाबलेला, आणि आपण जिथल्या तिथे, आणि जो तो आपल्याला मागे टाकतोय. बायको म्हणाली, ‘अरे, आपण गाडी चालवायला आलोय की चौकात उभं राहून ट्रॅफिक सोडायला?’ पण हसत म्हणाली. त्यानंतरचं कारुसेल, ते काँक्रीटचं खोलगट गोल वळण, त्यात गाडी आत टाकली की सगळे दात वाजतात. मग पुढची डोंगरवाट ब्र्युनशेन, फ्लान्त्सगार्टन ही वळणं करत, आणि शेवटी तो लांब सरळ रस्ता. सलग दुसरी लॅप मारता येत नाही, प्रत्येक लॅपनंतर बाहेर पडून पार्किंगमधून परत यावं लागतं. ते चांगलंच आहे, डोकं आणि ब्रेक दोन्ही थंड होतात.

मग साडू आणि मेव्हणी गेले. मुलं आमच्याकडे. ती दोघं परत आली तेव्हा मेव्हणीचा चेहरा लाल, आणि गाडी थांबल्या थांबल्या ती उतरून सरळ माझ्या बायकोकडे गेली. तिने सांगितलेलं असं: केसेलशेनच्या चढापासून कारुसेलपर्यंत एक पांढरी पोर्शे मागे चिकटून होती, ती सांगत होती ‘अहो द्या ना साइड’, आणि हे म्हणत होते ‘दम असेल तर जाईल की तो’. तेवढ्यात तीच पांढरी पोर्शे शेजारी येऊन लागली. साठीचा असेल तो माणूस, उतरला, साडूंच्या काचेवर दोन बोटांनी टकटक केलं. काच खाली झाली. एक शब्द बोलला नाही तो. आत हात घालून बोटाने इंडिकेटरच्या दांडीकडे दाखवलं, मग स्वतःची मूठ दोनदा उघडमीट केली, टिकटिक. मान डोलावली आणि गेला.

साडू आजपर्यंत सांगतात की त्याला डॅशबोर्ड आवडला होता.

तर हसं कोणाचं होतं हे समजलं असेल. मला त्या दिवशी कित्येकांनी ओव्हरटेक केलं, त्यात एक कॅम्पर व्हॅनच तेवढी नव्हती, पण माझ्याकडे बोट दाखवून कोणी हसलं नाही. १५० हॉर्सपॉवर भरपूर आहेत. तिथे हॉर्सपॉवरने नव्हे, रस्ता पाठ असल्याने माणूस वेगवान होतो, ७३ वळणं आहेत आणि निम्मी तरी चढापलीकडे लपलेली. जर्मन रेसर जाबिने श्मित्झ, जी नॉर्डश्लाइफेच्या कुशीतच वाढली, आईवडिलांचं हॉटेल न्यूर्बुर्ग गावात, आणि जिने १९९६ आणि १९९७ ला तिथली २४ तासांची रेस जिंकली, तिने टीव्हीसाठी डिझेल ट्रान्झिट व्हॅन १० मिनिटं ८ सेकंदांत फिरवली होती. व्हॅन! ती २०२१ मध्ये गेली, आता पहिल्या वळणाला तिचं नाव आहे. हे मी साडूंना सांगितलं तर म्हणाले ‘ती प्रोफेशनल होती’. अहो तेच तर म्हणतोय मी.

इन्शुरन्स. तुमची पॉलिसी काढा आणि वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. पुष्कळ ब्रिटिश पॉलिसींमध्ये न्यूर्बुर्गरिंगचं नाव घेऊन लिहिलेलं असतं की तिथे कव्हर नाही, पब्लिक रोड असो वा नसो. रेंटलवाल्यांचंही तेच, नेहमीच्या भाड्याच्या गाड्या रिंगवर न्यायला मनाई असते. आणि तुम्ही रेलिंगला धडकलात तर स्वतःची गाडी तर जातेच, वर वाकलेल्या रेलिंगचं बिल, गाडी उचलून न्यायचं बिल, रस्ता बंद ठेवावा लागला तर त्याचंही येऊ शकतं. साडूंनी वाचलं नव्हतं, त्यांचं काही झालं नाही, म्हणून ते म्हणतात ‘बघ, काही लागत नाही’. याला उत्तर काय देणार. जीव अडकत असेल तर गावात रिंगसाठीच गाड्या भाड्याने देणारे आहेत, महाग असतात, पण नुकसान झालं तर तुमच्यावर किती येणार ते आधीच कागदावर लिहिलेलं असतं आणि घरी जायला तुमची गाडी शाबूत राहते. तुमची एस्टेट तुम्हाला सोमवारी ऑफिसला न्यायची असेल तर याचा विचार करा.

मुलांचं विचारलंत. कंटाळत नाहीत. ब्र्युनशेनच्या कुंपणापाशी नेऊन बसवा, फुकट आहे, तासभर गाड्या मोजतात. न्यूर्बुर्गचा पडका किल्ला आहे, चढून गेलं की सगळं दिसतं. एक दिवस ब्र्यूलच्या फांटासियालांड या अम्युझमेंट पार्कला द्या, आणि जमलं तर जाता येता बेल्जियममध्ये स्पाचा रेसट्रॅक बघा, फार लांब नाही, तिथेही ठरावीक दिवशी पब्लिकला गाडी चालवू देतात. पण मुलांना लॅपला गाडीत घेऊ नका. नियम काय म्हणतो ते बाजूला ठेवा. मागे मुलं असतील तर आरशात तुम्ही गाड्या बघणार की त्यांना? इथे मात्र साडू आणि माझं एकमत आहे, म्हणजे बहुतेक बरोबर असेल.

आधीच सांगायला हवं होतं असं थोडं: कॅलेंडर बघून जा. कामाच्या दिवशी बऱ्याचदा फक्त संध्याकाळचे दोन-अडीच तास उघडतात, आणि मधेच कोणी धडकलं किंवा तेल सांडलं की बंद. आमचीही एक अख्खी संध्याकाळ फाटकासमोर बोनेटवर बसून धपाटे खाण्यात गेली. चार-पाच लॅप होतील असं धरून जा, दहा नाही. पाऊस दहा किलोमीटरवर वेगळा असतो, फाटकापाशी कोरडं म्हणजे सगळीकडे कोरडं नव्हे. ब्रेक ऑइल जुनं असेल तर निघायच्या आधी बदला, जुन्यात पाणी मुरलेलं असतं आणि उतारावर उकळलं की पेडल सरळ खाली जातं. लॅप संपवून आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात. टायर गरम झाले की हवा वाढते म्हणून लोक थोडी काढतात, ठीक आहे, पण परतीच्या सकाळी टायर थंड असताना आणि सामान, मुलं, रूफबॉक्स सगळं भरायच्या आधी ती पुन्हा भरा, रिंगलगतच्या डोटिंगर होहेच्या पंपावर भरता येते.