शेतकरी वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्याबद्दल काय बोलावं? ते साधे होते, विशेष असं काही केलं नाही त्यांनी

तुम्ही लिहिलंय की वडील शेती सोडून कुठं गेले नाहीत, कुठलं पद नाही, पुरस्कार नाही, आणि आता घरच्यांनी चार शब्द बोल म्हणून सांगितलंय. मी यातून गेलोय आणि पहिल्या वेळी माती खाल्लीये, त्यामुळं माझंच सांगतो.

मी पुण्यात धनकवडीला राहतो, गाव सासवडच्या पुढं. माझ्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या दहाव्याला माइकवर सात जण बोलले आणि सातही जण म्हणाले मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे, प्रगतशील शेतकरी. त्यातले दोन पुढारी तर त्याच सकाळी दुसरा एक दहावा उरकून आले होते, तिथंही हेच बोलले असणार. आता मनमिळाऊ म्हणावं तर तात्या सख्ख्या भावाशी मधली अकरा वर्षं बोलत नव्हते आणि तो भाऊ, म्हणजे आमचे नाना, समोरच मान खाली घालून बसलेले. माझी पाळी आल्यावर मी पण "त्यांनी आम्हाला काही कमी पडू दिलं नाही" एवढं बोलून खाली बसलो. ते पण खोटंच, चिक्कार कमी पडलं.

घरी आल्यावर कळलं की सांगायचं होतं ते सगळं राहूनच गेलं.

म्हणजे ते बांधाचं भांडणच घ्या. बांध कुणी कोरला ते सोडा, पण विहीर सामायिक होती, चार दिवस आमची पाळी, चार दिवस नानांची. दोघं विहिरीच्या दोन काठांना उभे आणि मधे मी, वय वर्षं दहा. तात्या मला म्हणणार, "त्याला सांग, चार वाजले, मोटर बंद कर." नानांना ते ऐकू गेलेलं असायचं पण मी जाऊन सांगितल्याशिवाय हलायचे नाहीत. मग मी वळसा घालून जायचो, "नाना, चार वाजले." "त्याला सांग, घड्याळ पुढं हाय त्याचं." परत वळसा. पण आपल्या पाळीला तात्यांनी मोटर कधी पाच मिनिटं जास्त चालवली नाही, मी साक्षीदार आहे, घड्याळ माझ्याच हातात असायचं. शेवटी २०१३ च्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला, अंजिराची झाडं जगवायला दोघांना मिळून टँकर घ्यावा लागला, आणि टँकरवाल्यासमोर तरी बोलणं भाग होतं, तसे बोलायला लागले. मिठी बिठी काही नाही.

अंजिराचं काम बघितलं नसेल तर सांगतो. तोडताना देठातून पांढरा चीक येतो, त्यानं बोटांची कातडी सोलवटते. सीझनमध्ये तात्या रात्री हाताला खोबरेल चोळून झोपायचे, तरी डोक्यावरून हात फिरवला की केस अडकायचे त्यांच्या बोटात. आणि माल घरात ठेवून भाव वाढायची वाट बघावी असला प्रकार नाही, पिकलेलं अंजीर लगेच मऊ पडतं, आज तोडलं की आजच मार्केटला, मग मिळेल तो भाव.

तांबेरा आला की पानं खालून तांबूस भुकटी धरतात आणि झडून जातात. त्यावर फवारायला बोर्डो मिश्रण. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं चालत नाही. आभाळी रंगाचं पाणी तयार झालं की तात्या कमरेचा विळा काढून पातं त्यात बुडवायचे, थोडं थांबून बाहेर काढायचे आणि उन्हाकडं धरून बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला म्हणजे चुना कमी पडला, अजून टाका, नाहीतर पानं करपतील. दहावीला लोखंड आणि मोरचुदाची रिॲक्शन शिकलो तेव्हा मी ऐटीत घरी येऊन समजावून सांगितली, सूत्रासकट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तरला म्हणावं ये, पंप मारायला गडी पायजेच हाय."

७२ च्या दुष्काळात ते सोळा वर्षांचे, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, आणि कामावर सुकडी म्हणजे गोड कोरडं खाणं मिळायचं ते टोपीत बांधून धाकट्या बहिणीला घेऊन यायचे. पुढं जन्मभर त्यांनी गोडाचा शिरा खाल्ला नाही, सुकडीचा वास येतो म्हणायचे. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही, ते गेल्यावर आत्याकडून कळलं. (तुम्ही पण आत्याला विचारा, काका लोक शेतीवर घसरतात.)

एकदा सुट्टीत मला पुण्याला गुलटेकडीच्या मार्केटला घेऊन गेले, टोमॅटो होते. हमाली, तोलाई, भाडं, वर आडत म्हणजे आडत्याची दलाली, २०१६ पर्यंत ती शेतकऱ्याच्याच पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून जायची, सगळं वजा होऊन हातात फक्त एसटीपुरते पैसे. पट्टी घडी करून खिशात टाकली. स्वारगेटला आल्यावर म्हणाले, "सारसबाग बघायची का?" आम्ही दोन तास तिथं गवतावर होतो, तात्या तर टोपी तोंडावर घेऊन चक्क झोपले. घरी आईला सांगितलं गाडी उशिरा मिळाली. मी पण तेच सांगितलं, कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं आमच्याकडं पुरंदर उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं. म्हणजे पुण्यानं वापरून मुळा-मुठेत सोडलेलं पाणीच उचलून वर चढवतात. तेव्हापासून मी सकाळी फोन केला की तात्यांचा पहिला प्रश्न, "आंघोळ केली का? कर बाबा लवकर, उद्या आमची पाळी हाय."

तर वर्षश्राद्धाला मी माइक घेतला आणि यातलंच सांगितलं, भांडणासकट. आधी नानांना विचारून घेतलं होतं, ते म्हणाले सांग, गावाला म्हाईतच हाय. तुम्ही पण विशेष काय ते शोधू नका, वडील कशावरून चिडायचे, काय खायचे नाहीत, कुणाशी खोटं बोलायचे ते लिहून काढा, पाच मिनिटं कुठं जातील कळणार नाही. मी बोर्डोपर्यंत आलो होतो, विळा बुडवायचे म्हणालो, तर मागून नानांचा आवाज, "विळा न्हवं रं, कोयता! विळा तर माझ्याकडं व्हता." त्यावर आत्या म्हणाली विळाच. पंगत बसली तरी दोघांचं तेच चाललं होतं.