डावखुरा होणार म्हणे!

प्रश्न : नातू 10 महिन्यांचा आहे. दिवस पूर्ण भरले होते, वजन 3 किलो, जन्मताच रडला. बसतो छान, ओळखीचं हसतो. पण प्रत्येक वस्तू डाव्या हातानंच घेतो, उजवी मूठ बहुतेक वेळ मिटलेली. घरात सगळे म्हणतात, आजोबांसारखा डावखुरा होणार. सूनबाईला मात्र शंका येते. शेजारच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याचे हातपाय सारखे पिळवटतात, मान ठरत नाही. आमच्या बाळाचं तसं काहीच नाही. तरी दाखवावं का?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, सूनबाईचं ऐका. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

डावखुरं की उजवं, हे साधारण दीड-दोन वर्षांनंतर कळू लागतं. तोवर वाटी ज्या बाजूला, तो हात पुढे येतो. बाळ एकाच हाताचा हट्ट धरत असेल, तर मी दुसऱ्या हाताकडे बघते. त्याला मांडीवर बसवा, खुळखुळा उजवीकडे धरा. उजवा हात पुढे येतो, की डावाच अंगावरून पलीकडे जातो? अंगठा तळव्यात दुमडलेला राहतो का? झबल्याची उजवी बाही चढवताना खटपट होते का? पुढे सरकताना उजवी बाजू फरपटते का? याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात बाळं नेमकी झोपतात.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे गर्भात, जन्मताना किंवा लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडणं; तिचे प्रकार वेगवेगळे असतात. शेजारच्या मुलाचं वर्णन अ‍ॅथेटॉइड, म्हणजे हातपाय आपोआप पिळवटण्याच्या प्रकाराशी जुळतं. नवजात बाळाची कावीळ फार वाढली किंवा जन्मताना प्राणवायू कमी पडला, तर तो होऊ शकतो. सगळ्यांत जास्त आढळतो तो मात्र स्पास्टिक, म्हणजे स्नायू ताठ राहण्याचा प्रकार. त्यातही वेळेआधी जन्मलेल्या बाळांचे बहुधा पाय जास्त ताठ असतात: उभं धरलं की कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, टाचा टेकत नाहीत. काहींचे चारही हातपाय ताठरतात. तोल जाण्याचा अ‍ॅटॅक्सिक प्रकार त्यामानानं कमी. एकाच बाजूचा हात-पाय अडला तर ती हेमिप्लेजिया; तुमच्या पत्रावरून मला तीच शंका येते, पण निदान तपासूनच होईल.

जन्मताच रडला हे चांगलंच. पण गर्भात किंवा जन्माच्या सुमारास मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली, तर बाळ रडतंही आणि हात नंतर मागे पडतो. इजा डाव्या मेंदूला, परिणाम उजव्या अंगावर. ती इजा पुढे वाढत नाही. स्नायू मात्र वाढीबरोबर आखडत जातात.

फिजिओथेरपीच्या नोकरीत नवी असताना अशाच एका घरी मी सांगून बसले, “वर्षाचा होऊ द्या.” ते थांबले. पुन्हा आले तेव्हा पोराचं कोपर सरळ करताना तो कळवळत होता. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

हेमिप्लेजिया ठरली तरी घाबरू नका, त्यातली बहुतेक मुलं चालतात. चांगल्या हातावर थोडा वेळ मोजा चढवून अडलेल्या हाताला खेळवायची पद्धत आहे, पण ती थेरपिस्टच्या देखरेखीखाली. घरी हात बांधू नका, मालिशवाल्या बाईंना मूठ ओढून उघडू देऊ नका.

एक मात्र विचारून घ्या : उजवा हात आधी नीट चालत होता आणि मग थांबला, असं तर नाही ना? तसं असेल, किंवा बाळ एकाएकी दचके देत असेल, डोळे एकीकडे खेचत असेल, तर आठवड्याची वाट बघू नका. त्याच दिवशी न्या, रात्र असली तरी.